इतवारीतली एक गल्ली, चार पिढ्या: कादंबरीचे सांधे कुठे निखळतात?

गल्लीबोळ
नागपुरातल्या इतवारीजवळची कोष्ट्यांची, म्हणजे विणकरांची, एक काल्पनिक गल्ली धरून कादंबरी बांधतोय. सुरुवात १८५३, नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले वारतात तिथून. शेवट ऑक्टोबर १९५६. घर एकच, पिढ्या चार, आराखडा २२ प्रकरणांचा. पहिली पिढी जमली आहे. दुसरी आली की कच्चा खर्डा वाचणारे विचारतात, "हा कोणाचा पोरगा?" प्रकरणाच्या तोंडाशी सन टाकले तर शाळेचं पुस्तक होतं. सांधा कसा बसवायचा? आणि नागपूरबाबत हमखास होणाऱ्या चुका कोणत्या?

बर्डीवरचा
पहिलं काम वयाचा तक्ता. आडवे रकाने सनांचे: १८५३, १८६७ (रेल्वे आली), १८७७ (एम्प्रेस मिल सुरू), १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ, १९१८ ची साथ, १९२३ चा झेंडा सत्याग्रह, १९५६. उभ्या ओळीत माणसं, घरात त्या साली त्यांचं वय. जन्म १८३८, १८६०, १८८३, १९०८ असे धरले तर गणित बसतं: मुलगा मिलच्या भोंग्याला १७ वर्षांचा, पणती झेंडा सत्याग्रहात १५ ची आणि १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी ४८ ची. एकही जन्म पाच वर्षं हलवला की पुढचे तीन प्रसंग कोसळतात, म्हणून हा तक्ता आधी.

दुसरं, पिढी प्रकरणाच्या सीमेवर बदलू नका. नवा माणूस आधीच्या पिढीच्या शेवटच्या दोन प्रकरणांत पोर म्हणून वावरू द्या, एखाद्या सवयीसकट. म्हातारा पुढच्या दोन प्रकरणांत खाटेवर असू द्या. २२ प्रकरणांत असे तीन सांधे म्हणजे बारा प्रकरणं. जास्त वाटतील, पण कादंबरी तिथेच तर घडते.

नावांचा गोंधळ आपल्याच रिवाजाने सुटतो. नातवाला आजोबाचं नाव ठेवायचं, पण सून सासऱ्याचं नाव घेणार नाही, म्हणून पोराला घरात वेगळीच हाक पडते. ती हाकच वाचकाला द्या. पाळण्यातलं नाव फक्त कागदावर, लग्नपत्रिकेत, सावकाराच्या वहीत.

खसरापत्रक
कागदाचा विषय निघालाच आहे तर. १९२० च्या नागपुरात पात्राच्या हातात 'सातबारा' दिला की जाणकार पुस्तक मिटतो. ती मुंबई इलाख्याची भाषा. इथे जमिनीच्या नोंदीला खसरा, जमाबंदी आणि गावात मालगुजार. भोसल्यांच्या काळी वसूल करणाऱ्या पाटलांना इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात मालकी दिली, तिथून मालगुजार उभा राहिला. ती पद्धत १९५०च्या कायद्याने गेली. शहरातल्या सरकारी जागेला नझूल. नझूलच्या भाडेपट्ट्याची मुदत संपते तेव्हा घरात भांडण लागतं. तुमच्या एका घराच्या कादंबरीला हा फुकटचा कथाभाग आहे.

राज्याचं नावही तपासा. १८६१ मध्ये मध्य प्रांत, १९०३ मध्ये वऱ्हाड जोडला, १९५० मध्ये मध्य प्रदेश, त्याचीही राजधानी नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्य. म्हणजे १४ ऑक्टोबरला, दीक्षेच्या दिवशी, तुमची गल्ली अजून मध्य प्रदेशात आहे.

ताणाबाणा
माग नीट दाखवलात तर सनांची गरजच उरणार नाही. १८५३ मध्ये खड्ड्याचा माग, पाय खड्ड्यात, धोटा (आडवा धागा नेणारी नळी) हाताने एका बाजूने टाकायचा आणि दुसऱ्या बाजूने झेलायचा. दोरी ओढून पळणारा धोटा विसाव्या शतकातल्या पिढीला द्या. घरातला तरुण तो बसवतो आणि म्हातारा "सूत तुटंल" म्हणून कुरकुरतो, एवढ्यात अर्धशतक सरल्याचं कळतं.

पांजणी, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ लावणं, गल्लीत करा. ताणा पहाटे बांबूच्या कैच्यांवर गल्लीभर ताणतात, ज्वारीच्या पिठाची खळ कुंच्याने एकाच दिशेने ओढतात, धागे मोकळे ठेवत वाळवतात, मग गुंडाळतात. खळ दाट झाली तर सूत कडक होऊन मागावर तुटतं. पातळ झाली तर फणीत घासून तूस निघतं. पावसाचे शिंतोडे पडले तर धागे एकमेकांना चिकटून सगळा ताणा जातो. म्हणून पावसाळ्यात काम खोळंबतं आणि श्रावण-भादव्यात सावकाराची वही जाड होते. कर्जाचे प्रसंग त्या महिन्यांत घाला, मे महिन्यात नको.

आणि 'मिल आली, कोष्टी संपला' हे लिहू नका. आधी चरखा गेला, म्हणजे सूत कातणाऱ्या बायांची कमाई. जाडंभरडं विणणारे त्यानंतर. बारीक रेशीमकाठी लुगडी विणणारा उलट गिरणीचंच सूत घेऊन बराच काळ टिकला. मिल ही तुमच्या घराची वैरीण आहे आणि सूत पुरवणारीही.

गल्लीबोळ
पांजणीसाठी विशेष आभार. पहिल्याच प्रकरणात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक घातली आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. चालेल?

खसरापत्रक
१८५३ मध्ये नाही. काळी मारबत १८८१, पिवळी १८८५ असे सन रूढ आहेत. दुसऱ्या पिढीत हलवा. काळी म्हणजे इंग्रजांना साथ देणाऱ्या भोसल्यांच्या राणी बाकाबाईचा निषेध असं लोक सांगतात, पण बाकाबाई १८५८ मध्येच वारली होती. मिरवणूक बघताना तिच्या हयातीतला म्हातारा आणि ऐकीव गोष्ट सांगणारा पोट्टा यांची जुंपू द्या.

बर्डीवरचा
बोलीबद्दल थोडक्यात. निवेदन प्रमाण मराठीत, बोली फक्त संवादात, आणि लेखन एकदा ठरवून यादी करा: मले, तुले, काहून, 'तो जाते', 'करून राहिला'. प्रत्येक वाक्यात 'बे' नको. बायका सासऱ्यासमोर तसं बोलणार नाहीत. आणि नागपूरकराच्या तोंडी "आम्ही वऱ्हाडातले" नको भाऊ, वऱ्हाड वेगळा.

ताणाबाणा
शेवटाबद्दल एक. दीक्षा घेणारा समाज मुख्यतः महार होता. मग कोष्ट्याच्या घरातून तिथे कोण जातं, कशासाठी? जाडं कापड विणणारे महारांतही होते आणि मिलमध्ये दोन्हीकडची माणसं होती. ओळख तिथे, मधल्या पिढीत पेरून ठेवा. जागा मोकळं मैदान दाखवा, स्तूप नको. त्याचं लोकार्पण २००१ चं. दीक्षेला लोक पांढऱ्या कपड्यांत आले होते. तुमची ४८ वर्षांची बाई जन्मभर रंगीत काठाची लुगडी विणत आली आहे. मिलमधल्या ओळखीची कोणी येऊन तिच्याकडे साधं पांढरं मागते. भाव रुपये-आण्यांतच ठरवा. नवे पैसे एप्रिल १९५७ पासून आले.