मदत हवी आहे: बहामाजच्या इलूथरा बेटावर आठवडाभर, गाडी आणि आईचं शाकाहारी जेवण

सायली_एनजे
नमस्कार. २० डिसेंबरला आम्ही पाच जण इलूथराला जातोय, पहिल्यांदाच. घर बुक झालंय, विमानाची तिकिटं परवा काढली. विमानतळावरून घरी जायला टॅक्सी बरी की गाडी भाड्याने घ्यावी? आणि आई पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. तिला बाहेर काय मिळेल? गाडीचं आजच कळवायचंय, घरमालकीण दोनदा विचारून गेली. क्रूझ सुचवू नका प्लीज.

खारावारा
घर कुठल्या गावात? इलूथरा साधारण १८० किलोमीटर लांब आहे आणि विमानतळ तीन आहेत. तिकिटावर कुठला आहे ते सांगा, मग गाडीचं बोलू.

दिनूकाका_टँपा
क्रूझ नको म्हणालात, पण आई बरोबर आहे म्हणून सांगतो. आम्ही राजधानीत, नासाऊला, मोठ्या हॉटेलात राहिलो. बफेत भात, भाज्या, सगळं होतं, हॉस्पिटलही जवळ. लहान बेटावर वयस्कर माणसाला नेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

सायली_एनजे
काका, पैसे भरून झालेत. घर टार्पम बेला आहे, विमान नॉर्थ इलूथराला दुपारी साडेतीनला उतरतं. बेट एकच आहे ना, मग काय फरक पडतो?

खारावारा
खूप पडतो. नॉर्थ इलूथरा उत्तर टोकाला, टार्पम बे दक्षिणेकडे. सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत साडेचार होतील, पुढे दोन तास गाडी, आणि डिसेंबरात साडेपाचला अंधार पडतो. क्वीन्स हायवे हा एकच रस्ता, दिवे जवळजवळ नाहीत.

त्यात मध्ये ग्लास विंडो ब्रिज लागतो. तिथे बेट रस्त्याच्या रुंदीएवढंच उरतं. एका हाताला अटलांटिकचं गडद निळं पाणी, दुसऱ्या हाताला उथळ, हिरवट. मी गाडी थांबवून उतरलो तेव्हा अंगावर तुषार येत होते आणि डांबर ओलं होतं, पाऊस नसताना. ऑक्टोबर १९९१ च्या वादळात लाटांनी तो पूल काही फूट सरकवला होता. हिवाळ्यात समुद्र खवळला की तो बंद करतात, आणि तसं झालं तर तुमचं घर पुलाच्या पलीकडे राहील. जमत असेल तर तिकीट बदला. नासाऊहून बहामासएअरची विमानं रॉक साउंडला जातात, तिथून टार्पम बे अगदी जवळ.

मीनल_सॅव्हाना
खारावारांशी सहमत. आणि गाडीच घ्या. टॅक्सीने एकदा घरी पोचाल, पण दुकान, किनारा, सगळीकडे टॅक्सी परवडणार नाही. गाड्या बहुतेक गावातल्या लोकांच्याच असतात. स्टेपनी आणि पेट्रोलचा काटा बघितल्याशिवाय किल्ली घेऊ नका. गाडी डावीकडून चालवायची आहे हेही घरी सगळ्यांना सांगून ठेवा.

दिनूकाका_टँपा
डावीकडून चालवणं आपल्याला काय अवघड? पुण्यात शिकलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

मीनल_सॅव्हाना
काका, मीही पुण्यातच शिकले. इथे अमेरिकेत बारा वर्षं उजवीकडून चालवल्यावर तिथल्या पहिल्याच वळणाला मी चुकीच्या बाजूला शिरले होते, मागे मुलं होती. सांगावंच लागतं.

ओंकार_डी
जरा वेगळं विचारतो. पाचही जण अमेरिकन सिटिझन आहात का?

सायली_एनजे
नाही, पण माझा प्रश्न तो नाहीये. मुलं सिटिझन, आई व्हिजिटरवर, मी आणि नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. माझा पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प चालू आहे, त्याचा मार्चमध्ये संपला, पण ७९७ (एच-वनच्या मंजुरीचं पत्र) आहे. बहामाजची कागदपत्रं एजंटने करून दिलीत. जुलैत टोरांटोहून असेच परत आलो, कुणी काही विचारलं नाही. जेवणाचं कुणी सांगेल का?

ओंकार_डी
ताई, आधी हे वाचा. टोरांटोहून येता आलं कारण ३० दिवसांच्या आत कॅनडा किंवा मेक्सिकोहून परतणाऱ्यांना संपलेल्या स्टॅम्पवर येता येतं. बहामाजसारख्या जवळच्या बेटांसाठी ही सवलत फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्सचेंज) व्हिसावाल्यांना आहे. एच-वनला नाही. ७९७ म्हणजे व्हिसा नव्हे. आणि नासाऊहून परतताना अमेरिकेचं इमिग्रेशन नासाऊच्या विमानतळावरच होतं, म्हणजे तुमचे मिस्टर तिथेच अडकतील.

दिनूकाका_टँपा
घाबरवू नका हो. माझा भाचा संपलेल्या स्टॅम्पवर बहामाजहून आरामात आला.

ओंकार_डी
भाचा शिकतोय का?

दिनूकाका_टँपा
हो, मास्टर्स करतोय.

ओंकार_डी
मग एफ-वन. म्हणूनच आला. सायलीताई, कंपनीच्या वकिलांना आजच फोन करा, तोवर काही रद्द करू नका.

मीनल_सॅव्हाना
तोवर जेवणाचं लिहिते. पीज अँड राइस दिसायला आपल्या मसालेभातासारखा, पण त्यात बरेचदा खारवलेलं डुकराचं मांस असतं. 'मांस नाही ना?' असं विचारलं तर नाही म्हणतात, कारण ते फोडणीपुरतंच असतं. एका आजींनी मला पातेल्यात डाव फिरवून तळाचे तुकडे दाखवले तेव्हा कळलं. घरीच करा. कुकर, डाळ, तांदूळ, मसाले न्या, ताजी फळं-भाज्या नेऊ नका. दुकानात माल बोटीने येतो. बोट यायच्या आदल्या दिवशी मला कांदे, बटाटे आणि एक मऊ पडलेला कोबी, एवढंच मिळालं. २५ आणि २६ तारखेला सुट्टी, म्हणून २३ लाच भरून ठेवा. वीज जाते, विजेरी हवी. प्लग अमेरिकेसारखेच.

रेवा_ऑस्टिन
पोहणारी डुकरं याच बेटावर ना? मुलांना आवडतील.

खारावारा
नाही, ती एक्झुमात, स्टॅनियल केजवळ. तो वेगळा बेटसमूह आहे.

सायली_एनजे
वकिलांशी बोलणं झालं. ओंकार, तुम्ही म्हणालात तेच. त्याने जायचं नाही. नासाऊच्या काउंटरवर मुलांसमोर हे कळलं असतं तर काय केलं असतं मी? तुम्ही विचारलंत म्हणून वाचलो, मनापासून आभार. आई म्हणते आपण चौघं जाऊ, घराचे पैसे परत मिळणार नाहीत. रॉक साउंडचं तिकीट सकाळी अकराचं मिळतंय. पण मग गाडी मला एकटीलाच चालवायची आहे, आणि मी भारतात कधी चालवलीच नाही.

मीनल_सॅव्हाना
अकराचं घे. भर उजेडात पोचशील आणि रहदारी अगदी कमी असते. आईंना पुढे बसव आणि प्रत्येक वळणाला मोठ्याने 'डावीकडे' म्हणायला सांग. आम्ही पहिले दोन दिवस तेच केलं. व्यनि (खाजगी निरोप) करतेय, सामानाची यादी पाठवते.