घरच्या घरी मातीकाम : चाक, भट्टी, माती याबद्दलचे तुमचे अनुभव इथे सांगा

क्लासला जाऊन वाट्या-मग करता येऊ लागले की पुढचा प्रश्न ठरलेला. हे घरी करायचं तर काय काय लागेल? परदेशी व्हिडिओंत गॅरेज असतं, तळघर असतं. आपल्याकडे फ्लॅटची बाल्कनी आणि चार महिने पाऊस. तेव्हा चाक, भट्टी, वाळवण, गाळ, ज्या कशाशी तुमची गाठ पडली असेल ते लिहा. ऐकीव नको, केलेलं हवं.

मीच सुरुवात करते. चाक घेताना ते रिकामं फिरवून पाहू नका, रिकामं चाक कोणतंही छानच फिरतं. तीन-चार किलोचा गोळा सोबत न्या, वेग अगदी कमी ठेवा आणि तळव्याने जोर लावा. चाक अडखळलं की ते परत ठेवा. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण माती मधोमध आणताना कमी वेगातच ताकद लागते. चाकाच्या पायांखाली जाड रबर घातलं की खालच्या मजल्याला घरघर जात नाही.

पुण्याहून
मी विजेच्या कामातला आहे, म्हणून भट्टीचं जरा सविस्तर सांगतो. ३ किलोवॅटची छोटी भट्टी २३० व्होल्टवर साधारण १३ ॲम्पियर ओढते. गीझरही जवळपास तेवढंच घेतो, पण तो थोड्या वेळात बंद होतो. भट्टी आठ-दहा तास चालते. त्यामुळे मेन बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि तपासून घेतलेलं अर्थिंग हवंच. वीजबिलावर 'मंजूर भार' किती लिहिलाय तो आधी बघा, कमी असेल तर वाढवून घ्या. मोठ्या भट्टीला थ्री फेज लागतो. भिंतीपासून दीड-दोन फूट लांब ठेवा, आणि झोपायच्या खोलीत तर कधीच नको. पहिल्या भाजणीत मातीतून वाफेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आणि गंधकाचे वायूही निघतात.

मडकी फुटतात ती बहुतेक आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन. मी शंभर अंशांच्या खालीच भट्टी बराच वेळ रेंगाळत ठेवतो आणि भट्टीच्या भोकासमोर स्टीलची थंड वाटी धरतो. वाटीवर बाष्प धरलं तर अजून थांबायचं, कोरडी राहिली की वर चढवायचं. ५७३ अंशांच्या आसपास मातीतली गारगोटी एकदम फुगते आणि थंड होताना तिथेच आकसते. तो टप्पा दोन्ही वेळा सावकाश जाऊ द्या. झाकण उघडायची घाई करू नका.

ठाण्याहून
दादा, इतकं वायरिंग भाड्याच्या घरात कुठून करणार? मी भट्टी घेतलीच नाही. जवळच्या स्टुडिओत भाजून घेते, ते भट्टीतल्या फळीवर व्यापलेल्या जागेप्रमाणे पैसे घेतात. मात्र आपली माती किती अंशांची ते त्यांना सांगायलाच हवं. लाल टेराकोटा हजार अंशांच्या आसपास छान भाजते. तीच चुकून स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त उष्णतेत भाजायच्या घट्ट मातीच्या, १२२० अंशांच्या भाजणीत गेली तर फुगते, बसते आणि त्यांच्या फळीला चिकटते. मी प्रत्येक नगाच्या बुडाखाली मातीची खूण कोरते.

सोलापूर जिल्ह्यातून
आमचं घर कुंभाराचं. शहरातली मंडळी विचारतात, शेतातली माती चालेल का? नुसती काळी माती नको. ती ओली असताना फुगते आणि वाळताना तडकते. शिवाय आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भाजून झाल्यावर ते हवेतलं पाणी ओढून फुगतात आणि चांगल्या भांड्याचा टवका उडवतात, कधी कधी कित्येक दिवसांनी. वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगर टाका. फसफसलं की चुना आहे. माती पातळ कालवून बारीक चाळणीने गाळली तर बरंच काम होतं. आमच्याकडे मातीत राख आणि घोड्याची लीद मळतात. लीद जळून बारीक छिद्रं राहतात, म्हणून माठात पाणी गार होतं. महागडी हत्यारं नसली तरी अडत नाही. माझी आई लाकडी थापीनेच अख्खा माठ वाढवते.

चिपळूणहून
पावसाळ्यात इथे काही वाळत नाही. पंखा थेट लावला तर एक बाजू आधी आकसते आणि ताट वाकतं. मी जाळीच्या मांडणीवर नग उपडे ठेवते, वरून वर्तमानपत्र घालते, आणि कानाच्या जोडावर प्लास्टिकचा तुकडा. कान पातळ असतो, तो आधी वाळला की जोडाला चीर जाते.

मुंबईहून
गाळ बेसिनमध्ये जाऊ देऊ नका, पाइपात तो दगडासारखा बसतो. हात आणि हत्यारं बादलीत धुवायची, रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी पुन्हा वापरायचं. खाली बसलेली माती पूर्ण वाळवून मगच पाण्यात टाका. अर्धवट ओली विरघळत नाही, पूर्ण सुकलेली क्षणात फुटते. नंतर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या लादीवर पसरली की मळण्याजोगी होते. लादीचा कपचा मात्र मातीत जाता कामा नये, तोही पुढे चुन्यासारखाच टवका उडवतो.

आणि कळकळीने सांगते, झाडू मारू नका. सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात साठते आणि झालेली इजा भरून येत नाही. ओल्या फडक्याने पुसा. झिलईची (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाची, म्हणजे ग्लेझची) पूड कालवताना एन-९५ मास्क लावा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

बेळगावहून
शिकायचं असेल त्यांच्यासाठी: आमच्या जिल्ह्यात खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था आहे. चंद्रपूरकडच्यांना भद्रावतीचा ग्रामोदय संघ जवळ पडेल.

नागपूरहून
वरच्या ताईंनी झिलईचा विषय काढलाच आहे, तर एक विचारते. घरी केलेल्या वाटीत लोणचं ठेवावं का?

मुंबईहून
लिंबाची फोड झिलईवर रात्रभर ठेवून बघा. सकाळी तिथला रंग किंवा चमक बदललेली दिसली तर त्या वाटीत खाण्याचं काहीच ठेवू नका. बदललेली नसली तरी एवढ्यावर खात्री धरू नका. शिसं किंवा बेरियम घातलेली झिलई जेवणाच्या भांड्यांना वापरूच नये. विकत घेताना डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, नसेल लिहिलं तर ती फुलदाणीला ठेवा.