मदत हवी आहे : बंद पडलेल्या डच सायफाय वाहिनीचा इतिहास

नमस्कार. अमेरिकेत २४ सप्टेंबर १९९२ रोजी सुरू झालेल्या सायफाय या विज्ञानकथांच्या वाहिनीच्या, आता बंद असलेल्या डच आवृत्तीवर मी लेख लिहीत आहे. नेदरलँड्समध्ये लहान मुलांचे कार्यक्रम वगळता परदेशी मालिका मूळ आवाजात, डच उपशीर्षकांसह दाखवतात. त्यामुळे डबिंगचा मोठा खर्च नसतानाही ही वाहिनी का टिकली नाही, हा माझा मुख्य प्रश्न आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये तेथे नेटफ्लिक्स आले, हे सोपे उत्तर झाले. मला मात्र, यूपीसी या केबल कंपनीची मालक असलेल्या लिबर्टी ग्लोबलने नोव्हेंबर २०१४ मध्ये झिगो ही केबल कंपनीही ताब्यात घेतली, हे कारण अधिक वजनदार वाटते, कारण विशिष्ट आवडीच्या प्रेक्षकांसाठीची वाहिनी केबलच्या पॅकेजमधील जागेवरच जगते.

या तर्काला दुजोरा देणारी किंवा तो खोडून काढणारी समकालीन कागदपत्रे कोठे मिळतील? नेदरलँड्समधील हिल्व्हरसम शहरातील दृकश्राव्य अभिलेखागारात खासगी वाहिन्यांची जुनी कार्यक्रमपत्रके अभ्यासकांना पाहू देतात का? नेदरलँड्स किंवा बेल्जियममधील फ्लांडर्स येथे राहणाऱ्या सदस्यांपैकी कोणी त्या काळातील केबल पॅकेजची माहितीपत्रके वा टीव्ही साप्ताहिके जपली असल्यास, त्यांतील संबंधित पानांची छायाचित्रे कृपया येथे द्यावीत.