अफगाण संगीतासारखं आपलं वहीगायन कसं शूट करावं?

धुळेकर_भाऊ: मंडळी, ब्रिटिश संगीत-अभ्यासक जॉन बेली १९७० च्या दशकात अफगाणिस्तानातल्या हेरात शहरात राहिले, तिथलं संगीत अभ्यासलं आणि १९८५ मध्ये पाकिस्तानातल्या पेशावरला निर्वासित झालेल्या एका अफगाण वादकावर फिल्म केली. मला तसंच आपल्या वहीगायनाचं, म्हणजे खान्देशातल्या लोकगायनाचं, करायचंय, सुरुवात कुठून करू?

यावलवाला: आधी कॅमेरा घरीच ठेव. बेली स्वतः दुतार आणि रबाब ही तिथली तंतुवाद्यं शिकले, म्हणून वादकाचा हात कधी दाखवायचा न् चेहरा कधी हे त्यांना कळत होतं. तू पण मंडळात बस, चार वह्या, म्हणजे त्यातली गाणी, पाठ कर, मग शूट कर आणि गाणं मधेच कापू नको भो, पूर्ण घे, आजूबाजूचा चहा, गप्पा, गल्ली सगळं येऊ दे.

अमळनेरची_ताई: बेलींच्या पत्नी व्हेरोनिका डबलडे हेरातच्या बायकांकडून गाणं शिकल्या, पुरुषाला तिथे शिरताच आलं नसतं. आपल्या खान्देशच्या देवीची, कानबाईची गाणी घ्यायची असतील तर कॅमेरा बाईच्याच हातात दे, आणि आधी विचारून घे.

धुळेकर_भाऊ: पटलं ताई. तालिबानने आधी १९९६ ते २००१ आणि परत २०२१ पासून संगीत दाबलं, म्हणून ती जुनी रेकॉर्डिंग मला फार मोलाची वाटतात. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला अमळनेरला येऊ का? बहिणीला पण आणतो.