'प्रेरणा', 'उमेद' की 'हुरूप'? फॉर्ममधल्या एका प्रश्नाची शब्दचर्चा

डिचोलीकर: गावच्या वाचनालयात मोठी मुलं दहावीच्या मुलांना शिकवणार आहेत. शिकवणाऱ्यांसाठीचा फॉर्म इंग्रजीवरून उतरवलाय. एक प्रश्न असा: 'इतरांना यशस्वी होण्यास मदत करण्याची तुमची प्रेरणा काय आहे?' वाचताना दाताखाली खडा येतो. 'प्रेरणा' काढून 'उमेद' घातलं तर?

पेडणेकर: उमेद नको, गोव्यात तर नकोच. मूळ फारसी शब्दाचा अर्थ आशा. मराठीत तो सरकत सरकत अंगातल्या धमकेपर्यंत आला: उमेदीची वर्षं, उमेद खचली. उमेदवार म्हणजे मुळात आशा धरून बसलेला माणूस. बिनपगारी काम शिकणं म्हणजे 'उमेदवारी करणं'. पण आपल्या कोकणीत उमेद म्हणजे सरळ आनंद. 'तुका मेळून उमेद जाली' म्हणणाऱ्या मुलाला 'तुमची उमेद काय?' विचारलंत, तर तो आवडीनिवडी लिहून देईल. कोकणीत तुम्हाला हवाय त्याच्या जवळचा शब्द 'उर्बा' आहे, पण मराठी फॉर्ममध्ये तो उपरा वाटेल.

फोंडेकर: नुसते अर्थ मांडून हे शब्द वेगळे होत नाहीत, क्रियापद लावून बघा. प्रेरणा मिळते, घेतात, देतात. हुरूप येतो किंवा चढतो. स्फूर्ती येते, कधी होते. उमेद धरतात आणि ती खचते. उत्साह ओसरतो, मावळतो. आता अदलाबदल करा. 'हुरूप खचला' कोणी म्हणत नाही, आणि 'उमेद चढली' म्हटलं तर ऐकणारा हसेल.

यातून कामाची गोष्ट कळते. प्रेरणेला देणारा लागतो. मूळ धातू ईर्, हलवणं. प्र लागला की पुढे ढकलणं. म्हणून 'कोणाकडून?' हा प्रश्न तिला चिकटलेलाच असतो. स्फूर्ती स्फुर् धातूची, आतून फुरफुरणारी. तिला 'कोणाकडून' विचारलं तरी चालतं, पण उत्तर नसलं तरी अडत नाही. हुरूप सगळ्यांत अल्पजीवी. पहिल्या चाचणीत चार गुण वाढले की येतो, पुढच्या चाचणीत जातो. वर्षभर टिकणाऱ्या कामाच्या फॉर्ममध्ये 'हुरूप' विचारण्यात अर्थ नाही.

उत्साहाकडे मात्र कोणी नीट बघत नाही. उद् अधिक सह्, आणि सह् म्हणजे सोसणं. काव्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेला कायमचा भाव, उत्साह आहे, आणि वीर म्हणजे फक्त युद्धवीर नव्हे. दानवीर, धर्मवीर, दयावीरही त्यातच मोजतात. दुसऱ्यासाठी झटण्यामागचा जो भाव तुम्ही शोधताय, तो शास्त्रकारांनी इथे ठेवलाय. आपण मात्र तो शब्द सत्यनारायणाच्या पत्रिकेवर 'उत्साहात साजरा' करून झिजवला.

डिचोलीकर: आणि 'उत्तेजन'? जुन्या मराठीत ते चांगल्या अर्थाने सापडतं.

फोंडेकर: तिज् म्हणजे धार लावणं, तीक्ष्ण त्यातलाच. शब्दात खोट नाही, पण आज तो स्पर्धांच्या निकालांत अडकलाय. नाट्यस्पर्धा असो की भजनी स्पर्धा, 'उत्तेजनार्थ' म्हणजे पहिल्या तिघांत न आलेला. मुलांच्या कानाला तो हरलेल्याची समजूत काढल्यासारखाच लागणार. 'प्रोत्साहन' सुरक्षित, पण सरकारी योजनेचा वास येतो. जाता जाता, प्रेरणाही नेहमी सोवळी नसते: गुन्ह्याला साथ देण्यासाठी कायद्याच्या मराठीत शब्द आहे 'अपप्रेरणा'.

काणकोणकर: तुम्ही सगळे नामाच्या मागे लागलात. खडा लागतो तो 'इतरांना यशस्वी होण्यास मदत' इथे. मराठीत यश माणसाकडे चालत येतं: त्याला यश आलं, त्याला जमलं. 'मी त्याला यशस्वी केलं' म्हटलं की श्रेय बोलणाऱ्याने लाटल्यासारखं होतं. म्हणून आपली मदतीची भाषा ओझ्याची आहे. हातभार म्हणजे भाराचा थोडा वाटा आपल्या हातावर घेणं. ओझं ज्याचं त्याचंच राहतं. शिकवणाऱ्या मुलांना तेवढंच करायचंय ना?

शेजारचे शब्द जपून घ्या. 'खांदा देणं' फॉर्मवर छापू नका, वाचणाऱ्याला तिरडी आठवेल. 'पाठीशी उभं राहणं' चांगलं, 'पाठीशी घालणं' म्हणजे चूक झाकणं. पाठराखीण नवरीबरोबर सासरी जायची, तिला तिथे परकं वाटू नये म्हणून. किती नेमकं काम! पण आजच्या बातमीत 'पाठराखण' होते ती आरोपीची. भजनातही बघा. मागे सूर धरणारे झीलकरी नसतील तर बुवाला दम घ्यायला जागा मिळत नाही, तरी 'झील ओढणं' बाहेर टोमणा झालाय.

पेडणेकर: काणकोणकरबाब, दुसऱ्याच्या यशाचा आनंद, त्याला काय म्हणाल? योगसूत्रांत 'मुदिता' आहे, पण ते फॉर्मवर कोणाला कळणार?

काणकोणकर: कौतुक! संस्कृतात कुतूहल, आज मराठीत दुसऱ्याचं चांगलं बघून वाटलेलं समाधान आणि ते बोलून दाखवणं, दोन्ही एकाच शब्दात. 'स्तुती' परक्याचीही होते, खोटीही होते. कौतुकात माया असावी लागते. कोकणीतली तोखणाय स्तुतीकडे झुकते, म्हणून तो शब्द इथे बदली चालणार नाही.

डिचोलीकर: मग प्रश्न असा मोडू का? १. 'तुम्हाला शिकवावंसं का वाटतं?' २. 'एखाद्याला एखादी गोष्ट जमावी म्हणून तुम्ही कसा हातभार लावाल?'

फोंडेकर: पहिला उत्तम. 'वाटतं' आलं की 'प्रेरणा' लागतच नाही. दुसऱ्यात दोनदा 'एखाद्या' झालंय. 'गणित अडलेल्या मुलाला ते जमावं म्हणून तुम्ही काय कराल?' असं विचारा. 'कसा हातभार' विचारलं की मुलं 'तन-मन-धनाने' लिहितात; 'काय कराल' विचारलं की निदान 'पाढे घेईन' तरी लिहितील.

काणकोणकर: आणि खाली तीनच ओळी ठेवा. जागा जास्त दिली की निबंध येतो.