जमीन वस्तीची, घर आपलं: जुनी वस्ती अशानं वाचेल?

कौलारू:
जुन्या वस्त्यांची एक गोष्ट मला फार लागते. पडझडीच्या काळात जे लोक वस्ती धरून राहतात, तेच तिला बरे दिवस आले की आधी बाहेर फेकले जातात. दर्शनी भिंती जपल्या जातात, माणसं जपली जात नाहीत.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे कम्युनिटी लँड ट्रस्ट. जमीन ट्रस्टची, ती विकायची नाही. वरचं घर रहिवाशाचं, जमीन त्याला बहुधा 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. घर विकता येतं, पण ठरलेल्या सूत्रानं, म्हणजे पुढच्यालाही ते परवडतं. कारभारी मंडळात साधारण एक तृतीयांश ट्रस्टच्या घरांत राहणारे, एक तृतीयांश आसपासचे, बाकी सार्वजनिक हित पाहणारे.

लिव्हरपूलमधल्या ग्रॅनबी भागातली चाळवजा विटांची घरं पाडायची ठरली होती. उरलेल्या बायाबापड्यांनी रस्ता झाडला, कुंड्या मांडल्या, फळ्या ठोकून बंद केलेल्या खिडक्या रंगवल्या. 2011 साली ट्रस्ट केला आणि घरं दुरुस्त करायला घेतली. पाडकामाचा राडारोडा मिसळून भिंतीतल्या शेकोटीभोवतीच्या चौकटी ओतल्या, त्याच घरांत बसवल्या. मी वारसा म्हणतो तो हा.

हिशेबनीस:
असहमत. अमेरिकेतल्या बर्लिंग्टनमध्ये 1984 साली असा ट्रस्ट निघाला. तिथं घर विकताना किमतीच्या वाढीतला 25 टक्के वाटा मालकाला मिळतो. म्हणजे 100 चं घर 200 झालं तर वाढीतले 25 त्याचे, 75 घरातच अडकले. एवढ्यावर तो त्याच शहरात दुसरं घर घेईल कसा? पैसेवाल्याच्या घराला कुणी असलं सूत्र लावत नाही. ज्याच्याकडे पिढीजात काही नाही, नेमकी त्याचीच वाढ का कापायची? आणि ग्रॅनबीत ट्रस्टनं केलेली घरं किती? सुरुवातीला जेमतेम दहा.

कौलारू:
दहा हा आकडा लहान आहे, कबूल. पण त्या 100 मध्ये जमिनीची किंमत धरलेलीच नसते. बाजारभावानं तो माणूस उंबरठ्यालाही पोचला नसता.

आणि ही कल्पना आपल्याला परकी नाही. 1969 साली अमेरिकेतल्या जॉर्जियात काळ्या शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ ही जमीन सामायिक ठेवणारी संस्था उभी राहिली, तेव्हा ती उभारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विनोबांचं ग्रामदान होतं. भूदानात एकेकट्याला मिळालेली जमीन अडीनडीला पुन्हा हातची जाऊ लागली, म्हणून ती गावाच्या नावावर ठेवायचा विचार पुढे आला. एकट्याच्या हातात ठेवलेली जमीन गरजेपोटी जाते. वाढीच्या वाट्यावरचा तुमचा आक्षेप मला तिथंच पटत नाही.

वाटाड्या:
दोघेही जमीन एकदा ट्रस्टकडे आली की आली, असं धरून चाललात. त्याच न्यू कम्युनिटीजची जमीन दुष्काळ आणि नाकारलेली कर्जं यांत 1985 मध्ये लिलावात गेली! प्युएर्तो रिको या कॅरिबियन बेटावर सान हुआन शहरातल्या मार्टिन पेन्या कालव्याकाठची वस्ती घ्या. कालवा साफ झाला की जमिनीचे भाव चढणार, हे ओळखून तिथल्या लोकांनी 2004 मध्ये कायदा करून घेतला, जमीन ट्रस्टकडे आली. 2009 मध्ये सरकारनं कायदा बदलून ती काढून घेतली. 2013 मध्ये परत मिळवली ती लोकांनी लढून. कागद लागतोच, पण वस्ती जागी नसेल तर तो टिकत नाही.

हिशेबनीस:
हे पटलं. भाव चढायच्या आधी जमीन घेतली तरच ट्रस्टला झेपते, हेही त्यातून दिसतं. भडकलेल्या बाजारात वर्गणी आणि देणग्यांवर किती जमीन येणार? सूत्रावरचा माझा आक्षेप मात्र कायम आहे. वीस वर्षं हप्ते फेडून, छप्पर बदलून जो निघतो, त्याला सन्मानानं दुसरीकडे बस्तान बसवता आलं पाहिजे.

कौलारू:
छप्पर बदलल्याचे पैसे वेगळे धरायचे, हे सूत्रात बसवता येतं. बसवलंच पाहिजे. आणि 25 की 40, हे मंडळातल्या त्या एक तृतीयांश रहिवाशांना विचारून ठरवा. मी तिथं राहात असतो तर मी 40 मागितले असते.