मत बदललं म्हणजे माणूस फिरला का?

तांडापेठकर
परवा घरी चांगलंच वाजलं म्हणून विचारतो. माझे बाबा गिरणीत होते, नंतर पॉवरलूमवर गेले. पस्तीस-चाळीस वर्षं एकच निशाणी, मतदानाच्या दिवशी सकाळी सातला टेबल लावून चिठ्ठ्या वाटायचे. पक्षाचं नाव घेत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाईल. 2024 ला पहिल्यांदा दुसरं बटण दाबलं आणि काकाजींसमोर बोलून गेले. काकाजी ताटावरून उठले, म्हणाले तू फिरला. तेव्हापासून येणंजाणं बंद.

मला नाही वाटत बाबा फिरले. गिरणी होती तेव्हा युनियन होती, युनियनचा माणूस आमच्याच गल्लीत राहायचा, रेशनकार्ड असो की पोराची अ‍ॅडमिशन, तोच धावायचा आणि मत मागायलाही तोच यायचा. गिरणी बंद झाली, तो माणूस गेला, राहिली फक्त निशाणी. त्यात आमचा, म्हणजे हलबा-कोष्टींचा, अनुसूचित जमातीच्या दाखल्याचा प्रश्न, 2000 साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की हलबा-कोष्टी हे हलबा जमातीत मोडत नाहीत, तेव्हापासून निवडणूक आली की कोणीतरी येते आणि सोडवून देतो म्हणते. किती थांबायचं माणसानं?

महालवासी
नाही पटलं. माझे आजोबा जनसंघाचे, पणती निशाणीवाले, डिपॉझिट जायचं त्या काळातले. 1977 ला देशात जनता पक्षाची लाट, जनसंघही त्यातच सामील, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या, आणि आपल्या नागपुरात काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडून आले! आजोबा काय दुसरीकडे गेले का? पुढच्या वेळी परत भिंती रंगवायला हजर. रेशनकार्डाच्या कामावर मत ठरत असतं तर शून्यातून एकही पक्ष उभा राहिला नसता. काकाजींचा राग मला समजतो, त्यांनी सोबत टेबल लावलं असेल न.

तांडापेठकर
लावलं होतं, दोघांनी मिळून. म्हणूनच जास्त लागलं. पण दादा, आजोबांसारखी माणसं पक्षात किती आणि नुसते मत देणारे किती? आपल्याच मतदारसंघाचं बघा, जांबुवंतराव धोटे 1971 ला फॉरवर्ड ब्लॉककडून खासदार झाले आणि 1980 ला इंदिरा काँग्रेसकडून, बनवारीलाल पुरोहित 1984 अन् 1989 ला काँग्रेसचे, 1996 ला भाजपचे, लगेच 1998 ला परत काँग्रेसचे विलास मुत्तेमवार. दोन वर्षांत शहराचा विचार बदलला का? लोकांनी धोटेंमध्ये वेगळ्या विदर्भाची मागणी पाहिली, चिन्ह कोणतं ते नंतर.

वाडीची शिक्षिका
मी बोलते, कारण मी बदललेली आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, मी त्यातली. 2023 ची विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आठवा, भाजपचा पाठिंबा असलेले नागो गाणार दोन टर्म आमदार होते तरी पडले, महाविकास आघाडीच्या पाठिंब्यावर सुधाकर अडबाले आले. आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा पेन्शन सोडून दुसरा विषय नव्हता. त्याच खोलीतल्या मॅडम लोकसभेला वेगवेगळीकडे मत देऊन आल्या, कोणालाच काही वाटलं नाही. साठीनंतर औषधाला पैसे कुठून येणार हा विचार नाही का?

महालवासी
मॅडम, तुमचा प्रश्न खरा आहे, पण तुम्ही म्हणता तो सौदा झाला. तुम्ही संघटित आहात म्हणून तुमचं ऐकलं जाते. ज्याच्याकडे संघटना नाही तो शेतमजूर काय करणार? आणि एकेका आश्वासनावर मत हलते हे एकदा पक्षांना कळलं की ते आश्वासनच वाटत फिरतात, काम कोण करणार. पुढारी उड्या मारतात कारण आपण ते चालवून घेतो.

काटोलकर
भाऊ, चालवून कोन घेऊन राहिलं? मतदाराले इचारलंच कवा? 1985 ले पक्षांतरबंदीचा कायदा आला, 2003 ले आखीन कडक केला, तरी 2022 ले शिवसेना अन् 2023 ले राष्ट्रवादी मधातून फुटली. आमच्या गावातला म्हातारा पहिल्यापासून घड्याळवाला, आता त्यानं निष्ठा ठेवाची कोनावर, घड्याळावर का पवार साहेबांवर, सांगा तुमीच. त्यानं कुठंही मत देल्लं तरी अर्धं गाव म्हनते फिरला. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं अन् आमचा संत्रा बागेतच पडला, तवा मी निशाणी नाई पाह्यली, कोन बोलून राहिलं ते पाह्यलं.

इंदोऱ्यावरून
आमच्याकडे निष्ठा आणि मत हे दोन वेगळे विषय आहेत. रिपब्लिकन पक्ष 3 ऑक्टोबर 1957 ला याच नागपुरात स्थापन झाला, नंतर त्याचे किती गट झाले ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आजीनं उगवता सूर्य पाहिला, हत्ती पाहिला, पंजालाही मत दिलं. पण 14 ऑक्टोबर असो की दसरा, दीक्षाभूमीवर गेली नाही असं एकही वर्ष नाही. तिला कोणी फिरली म्हणून तर दाखवा. महालवासी दादा, तुमच्या आजोबांचा पक्षच विचार होता, आमचा विचार पक्षाच्या बाहेर आहे आणि पक्ष त्याला पुरा पडत नाही.

महालवासी
आजींचं मान्य, त्यांना मी कोण बोलणार. काटोलच्या भाऊंच्या घड्याळाच्या प्रश्नावरही माझ्याकडे उत्तर नाही. पण तांडापेठकर, बाबांना एक विचारा, आता ज्यांना मत दिलं त्यांनी दाखल्याचं काही केलं नाही तर?

तांडापेठकर
जेवताना विचारलं. म्हणाले, तर त्यांनाही नाही देणार. मग थोड्या वेळानं म्हणाले, तुझ्या काकाला फोन लाव.